मोटारीच्या दिव्यांची अंधुक कांच

ज्ञानोबांची पालखी ज्या आळंदी रस्त्यानें विश्रांतवाडीस येते, त्याच रस्त्यावर पिवळट दिव्यांच्या जुन्या मोटारी रात्रीं धांवतात. त्या दिव्यांची 'कांच' वस्तुतः पॉलिकार्बोनेट नांवाचें प्लास्टिक होय. सूर्याच्या अतिनील किरणांनीं तिच्यावरील संरक्षक लेप झडतो, प्रकाश विखुरतो आणि पादचारी उशिरां दिसतो.

उपाय चिकाटीचा आहे. भोंवतालच्या रंगावर चिकटपट्टी लावून १०००, मग २००० व ३००० क्रमांकाच्या वॉटर पेपरानें, पाणी घालीत, घासावें. (प्रथम कांच अधिकच पांढरी होते, घाबरूं नये.) नंतर पॉलिश करावें. टूथपेस्टनेंही चकाकी येते, परंतु गेलेला लेप परतत नाहीं. म्हणून शेवटीं अतिनील-रोधक लेप अवश्य द्यावा. धुकें आंतून धरलें असल्यास मात्र हा खटाटोप व्यर्थ; तेथें दिव्याचा सांधाच तपासावा.