तुरीवरील पिसारी पतंग : प्रसार आणि जीवनक्रम

वसतिगृहाच्या ताटात वाढल्या जाणाऱ्या वरणामागे तुरीच्या पिकाचा सहा-सात महिन्यांचा प्रवास असतो. आपल्या अनेक पालकांच्या कोरडवाहू शेतात कापूस वा सोयाबीनच्या जोडीने तूर उभी असते. तिला शेंगा लागल्या की घाटेअळी, शेंगमाशी आणि पिसारी पतंग हे तीन कीटक तिच्यावर येतात. त्यांपैकी तिसऱ्याचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पिसारी पतंगाचे शास्त्रीय नाव एक्झेलास्टिस ॲटोमोसा. वॉल्सिंगहॅम या इंग्रज अभ्यासकाने १८८५ साली त्याचे वर्णन केले. भारतातील तूर पिकवणाऱ्या बहुतेक प्रदेशांत तो आढळतो. श्रीलंकेतही त्याची नोंद आहे. तुरीखेरीज वालावरही तो उपजीविका करतो. त्याच्या पुढच्या पंखाचे दोन, तर मागच्या पंखाचे तीन भाग झालेले असतात आणि त्यांच्या कडांना पिसांसारखी झालर असते. म्हणूनच त्यास पिसारी हे नाव मिळाले. विसावताना तो पंख अंगाशी काटकोनात आडवे धरतो.

मादी कळ्या, फुले आणि कोवळ्या शेंगांवर एकेक सुटे अंडे घालते. साधारणतः २ ते ५ दिवसांत त्यातून अळी बाहेर पडते. ती हिरवट तपकिरी असून तिच्या अंगावर बारीक केस व काटे असतात. पूर्ण वाढलेली अळी सुमारे १२ मिलिमीटर लांब भरते. लहानपणी ती कळ्या-फुले कुरतडते; पुढे शेंगेची साल खरवडून छिद्र पाडते आणि शरीर बाहेरच ठेवून आतील दाणे खाते. साधारण दोन ते चार आठवड्यांनी ती शेंगेवर अथवा छिद्रात कोषावस्थेत जाते. थोड्याच दिवसांत कोषातून पतंग बाहेर येतो. थंडीत हा सारा कालावधी लांबतो.

या जीवनक्रमात दोन गोष्टी ध्यानी धरण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, शेंगमाशीची अळी शेंगेत दडलेली असते, ही मात्र उघड्यावर वावरते. त्यामुळे ती डोळ्यांना दिसते आणि पक्ष्यांनाही सापडते. दुसरी अशी की, तिचा कोषही केसाळ असल्याने अळीसारखाच भासतो. काडीने हळूच स्पर्श करावा. अळी चालू लागते, कोष शेपटीकडून चिकटलेला असल्याने जागचा हलत नाही. कोष मोजून त्यांनाच अळ्या समजले, तर फवारणीचा खर्च आणि श्रम वाया जाण्याचा धोका असतो.

यास्तव औषधाआधी निरीक्षण हवे. शेतातील निरनिराळ्या ठिकाणची १० झाडे निवडून त्यांवरील अळ्या मोजाव्यात. १० झाडांवर सुमारे ५ अळ्या दिसल्या, तर उपाययोजनेची वेळ आली असे मानतात. पीक कळीवर येताच ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी आणि शेतात पक्षीथांबे, हे अल्पखर्चाचे आरंभीचे उपाय होत. प्रादुर्भाव त्याहून वाढल्यासच कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार कीटकनाशकाकडे वळावे.

शेतकरी घरातील प्रत्येक विद्यार्थ्याला हे मोजमाप सहज जमेल. सुट्टीत घरी गेल्यावर त्याने बांधावर उभे राहून वहीत केलेली दहा झाडांची नोंद पालकांचा एका फवारणीचा खर्च वाचवू शकते. विज्ञानशिक्षणाचा याहून रोकडा उपयोग आम्हांस दिसत नाही.