नववीचा खर्च सातवीत मोजा

मूल आठवीत असेपर्यंत सरकारचा हात बराच सैल असतो. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, दुपारी खिचडी मिळते. आरटीईच्या २५ टक्क्यांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलाची फीही सरकारच्या नावावर असते. नववीला हे सगळं एकदम थांबतं, कारण शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचाच आहे. खरी अडचण पुढे आहे. नववीपासून जे पैसे मिळू शकतात त्यांतल्या मोठ्या रकमांची परीक्षा आणि अर्ज सातवी-आठवीतच उरकावे लागतात. नववीत जाग आली की गाडी सुटलेली असते.

आरटीईतून वाशी-नेरूळच्या खासगी शाळेत मूल घातलेल्या पालकांनी हे आधी वाचावं. आठवीचा निकाल लागला की शाळा पूर्ण फी मागू शकते, आणि सीबीएसई शाळेत ती लाखाच्या घरात जाऊ शकते. शाळेशी बोलायचं तर सातवीत बोला आणि सवलत मिळत असेल तर लेखी घ्या. शाळा बदलायची ठरली आणि जुन्या शाळेने थकबाकीसाठी दाखला अडवला, तर २०२१ चा शासन निर्णय लक्षात ठेवा. सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांनी दाखल्यावाचून नववी-दहावीत प्रवेश नाकारायचा नाही, असं तो सांगतो. पुष्कळ कारकुनांना तो माहीत नसतो, म्हणून प्रत खिशात असलेली बरी.

शाळा निवडताना इमारतीपेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: अनुदान आहे का, आणि किती टक्के? पूर्ण अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं. त्यामुळे दहावीपर्यंत शिक्षण शुल्क नसतं, सत्र फी आणि किरकोळ रकमा भरायच्या असतात. अंशतः अनुदानित शाळा ही मधली जात. राज्याने २००९ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ शाळांच्या पाटीवरचा ‘कायम’ काढला. मग मूल्यांकनात बसलेल्या शाळांना २० टक्क्यांच्या टप्प्यांनी अनुदान सुरू झालं. ज्या शाळेला ४० टक्के मिळतं तिला उरलेले ६० टक्के कुठून तरी आणावेच लागतात, आणि ते ‘कुठून तरी’ म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही. २०१२ च्या कायद्याखालच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेला तर सरकारी अनुदान नाहीच. आपली शाळा नेमकी कुठे बसते ते यूडायस प्लस या सरकारी संकेतस्थळावर शाळेचा क्रमांक घालून फुकट पाहता येतं. मुख्याध्यापकांकडे अनुदानाच्या आदेशाची प्रत मागितली तर त्यात उद्धटपणा काही नाही.

महापालिकेच्या शाळेचा विचार नवी मुंबईकर उगाच शेवटी करतात. नवी मुंबई महानगरपालिकेच्या माध्यमिक शाळा आहेत, आणि सीवूड्स व कोपरखैरणे इथे सीबीएसईच्या शाळाही आहेत. सीवूड्सची शाळा आकांक्षा फाउंडेशन चालवते.

आता मिळणाऱ्या पैशांबद्दल. सर्वांत मोठी रक्कम एनएमएमएसची, म्हणजे आठवीत बसायच्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी, एकूण ४८,०००. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०. मूल सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असलं पाहिजे. विनाअनुदानित शाळेचं मूल बसूच शकत नाही. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ आहे. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते आणि अर्ज शाळेमार्फत जातो. इथेच बरंच काही अडतं, कारण मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं नाही तर पालकाला अर्ज भरता येत नाही. आठवीची शाळा उघडली की जूनमध्येच वर्गशिक्षकांना विचारा, परीक्षा साधारण डिसेंबरात येते. निवड झाल्यावर दरवर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षाचे पैसे आले म्हणून निर्धास्त झालेल्या पालकांचे पुढचे ३६,००० इथेच बुडतात.

दुसरी, जुनीजाणती राज्य शिष्यवृत्ती परीक्षा. पाचवी-आठवीची ही परीक्षा २०२५-२६ पासून चौथी आणि सातवीला आणली आहे. तेव्हा घरातल्या मोठ्या मुलाच्या अनुभवावर धाकट्याचं वेळापत्रक आखू नका. वरच्या टप्प्याची रक्कम वर्षाला ७,५०० रुपये आहे. नववी-दहावीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला केंद्राच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीतून वर्षाला ३,५०० रुपये मिळतात, वसतिगृहात राहत असेल तर ७,०००. ओबीसींसाठी ४,००० आहेत. दोन्हींना उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. एकाच वेळी दोन केंद्रीय शिष्यवृत्त्या मिळत नाहीत, त्यामुळे एनएमएमएस लागली असेल तर मोठी रक्कम धरून ठेवा.

शहराच्या स्वतःच्या योजना मात्र लोकांना फारशा ठाऊक नसतात. महापालिकेचा समाजविकास विभाग विधवा आणि घटस्फोटित महिलांची मुलं, सफाई कामगार, दगडखाण, बांधकाम आणि नाका कामगारांची मुलं, प्रकल्पग्रस्त, मागासवर्गीय आणि आर्थिक दुर्बल घटकांतली हुशार मुलं यांना शिष्यवृत्ती देतो. अर्जाची मुदत थोडी असते, म्हणून रहिवासाचा पुरावा, गुणपत्रिका आणि आधारशी जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवा. प्रकल्पग्रस्त कुटुंबांनी सिडकोच्या विद्यावेतनाचीही चौकशी करावी.

या सगळ्याला उत्पन्नाचा दाखला लागतोच. बेलापूर ते ऐरोलीसाठी तो ठाणे तहसीलचा, खारघर-कामोठे-कळंबोलीसाठी पनवेलचा. सेतूबाहेरचा माणूस प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्यायला सांगेल. उत्पन्न, जात, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं.

खासगी शाळेतच ठेवायचं असेल तर शुल्क नियमन कायदा, २०११ वाचा. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मंजूर करायची असते आणि एकदा ठरली की दोन शैक्षणिक वर्षं तीच. समितीवरचे पालक सोडतीने निवडले जातात, म्हणून जून-जुलैत नाव जरूर द्या. नंतर विभागीय समितीकडे तक्रार न्यायची तर किमान २५ टक्के पालक एकत्र हवेत, आणि तेवढे जमवणं किती अवघड ते सोसायटीची सभा पाहिलेल्याला सांगायला नको. इमारत निधीच्या नावाखाली सक्तीची देणगी हे कॅपिटेशन फीच आहे. राज्यात १९८७ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

शाळेलाही अनुदान मिळतं, हे पावती तपासताना आठवावं. अटल टिंकरिंग लॅब मंजूर झालेल्या शाळेला, खासगी असली तरी, केंद्राकडून २० लाखांपर्यंत मिळतात: १० उभारणीला, १० पाच वर्षं चालवायला. तरीही पावतीत ‘रोबोटिक्स’ म्हणून वेगळी ओळ असेल तर ती कशाची, हे समितीत विचारा. अनुदानित शाळांना पगाराशिवाय वेतनेतर अनुदान मिळतं, पण पगाराच्या पाच टक्के हिशेबाने. त्यात वीजबिल आणि खडू भागले तरी पुष्कळ. तिथे ऐच्छिक वर्गणी मागितली तर मी कपाळाला आठ्या घालणार नाही, फक्त पावती घ्यावी.

उरला दहावीचा वर्षखर्च. सीबीएसईची परीक्षा फी २०२६ साठी पाच विषयांना १,६०० रुपये आहे. राज्य मंडळाची काही शेकड्यांत भागते. सीबीएसई दहावीला २०२६ पासून दोन परीक्षा झाल्या. दुसरी ऐच्छिक आहे आणि तिची फी वेगळी. क्लासवाले तिच्यासाठी वेगळी बॅच काढतील, आणि खरा खर्च तिथेच होईल. अनुदानित शाळेतल्या कित्येक घरांत क्लासची फी शाळेच्या फीच्या कित्येक पट असते. अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला, त्या वर्षी नोंदणीला १०० रुपये होते. पसंतीक्रम भरताना अनुदानित तुकडी आणि विनाअनुदानित तुकडी नीट पाहून भरा. एकाच कॉलेजात एकाच छताखाली दोन्ही असतात, आणि फीत मोठा फरक पडतो.

तक्रारीसाठी वाशी-बेलापूरच्या पालकांनी ठाणे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं, खारघरकरांनी अलिबागला. वाशीत जे आहे ते राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय. तिथे परीक्षा आणि गुणपत्रिकेची कामं होतात, फीचं गाऱ्हाणं कुणी ऐकत नाही.