हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू

ना दोरा, ना आधार, तरीही चेंडू हवेत एका जागी थांबतो. हा प्रयोग घरी सहज जमतो आणि मुलांनी तो स्वतःच्या हाताने करायलाच हवा.

साहित्य
- थंड हवेची सोय असलेला हेअर ड्रायर
- टेबल टेनिसचा चेंडू (व्यास ४० मिमी, वजन २.७ ग्रॅम)
- टिश्यू पेपरची बोटभर लांब, अरुंद पट्टी
- खराट्याची एक काडी, चिकटपट्टी

कृती

१. खोलीतला पंखा बंद करा. ड्रायरच्या तोंडावर चपटी नळी बसवलेली असेल तर ती काढा. झोत गोल हवा.

२. ड्रायर थंड हवेवर, पूर्ण वेगाने सुरू करून तोंड सरळ वर धरा. मागची जाळी हाताने झाकू नका, नाहीतर यंत्र तापते.

३. चेंडू झोताच्या मधोमध धरून अलगद सोडा. थोडा वरखाली होऊन तो स्थिरावेल. जिथे झोताचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर असतो, तिथे हवेचा वर लोटणारा जोर आणि चेंडूचे वजन सारखे होतात. त्याहून वर झोत मंदावतो, म्हणून चेंडू परत खाली येतो.

४. आता बोटाने चेंडू किंचित बाजूला ढकला. तो पुन्हा मधे येईल. ही ओढ बोटाला स्पष्ट जाणवते.

५. ड्रायर हळूहळू तिरपा करा. चेंडू झोताच्या मध्यरेषेपेक्षा जरा खाली उतरतो, पण पडत नाही.

६. काडीच्या टोकाला पट्टी चिकटवा. दुसऱ्या कुणाला तरी ती चेंडूच्या पलीकडे, झोताच्या वाटेत धरायला सांगा. चेंडू नसताना पट्टी झोताच्या दिशेने फडफडते. चेंडू असताना ती खाली झुकते. घाई न करता हे दोन्ही आलटूनपालटून पाहा.

असे का होते?

‘हवा वेगवान, म्हणून दाब कमी’ एवढेच उत्तर बऱ्याचदा दिले जाते. ते अपुरे आहे. उघड्या खोलीत आलेल्या झोताचा दाब जवळपास भोवतालच्या हवेइतकाच असतो. दाब उतरतो तो हवा चेंडूच्या गोलाईला लगटून वळते तिथे. तिरप्या झोतात चेंडूच्या वरून जाणारी हवा जोरदार असते. ती वळून खाली जाते आणि चेंडूला वर खेचते. खाली झुकलेली पट्टी याचीच साक्ष देते. वाहती हवा वक्र पृष्ठभागाला अशी धरून राहते, त्याला रुमानियन अभियंता आँरी कोआंडा (१८८६–१९७२) यांच्या नावावरून ‘कोआंडा परिणाम’ म्हणतात.

जमत नसेल तर
- चेंडू उडून जातो: वेग एक टप्पा कमी करा.
- तिरपे करताच पडतो: कोन फार झाला, पुन्हा उभ्यापासून सुरुवात करा.
- सतत थरथरतो: झोत भिंतीपासून दूर न्या.

विजेविना

वाकणाऱ्या स्ट्रॉचे आखूड टोक वर करा, त्यावर थर्मोकोलची बोराएवढी गोळी धरा आणि एकसारखी फुंकर घालत ती सोडा. चक्कर आल्यासारखे वाटले तर लगेच थांबा.

प्रयोग पुढे नेताना एका वेळी एकच गोष्ट बदला: वेग, कोन किंवा चेंडू. आणि कारण सांगण्याआधी मुलांना पट्टी धरू द्या. उत्तर त्यांच्या डोळ्यांपुढे आधी यावे, कानांवर नंतर.