मानेवरचा काळेपणा

मुलाच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा दिसला तर तो घासत बसू नका. आमच्याकडे सगळ्यांनी घासून पाहिला. सासूबाईंनी डाळीचं पीठ आणि साय लावली, बहिणीने लिंबू सुचवलं, केस कापणारे काका "उन्हात खेळतो वाटतं" म्हणाले. उन्हात खेळायचा प्रश्नच नव्हता. सहावीतल्या लेकाचा दिवस शाळा, क्लास आणि मोबाइल यांतच मावळायचा. तापाचं औषध आणायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी घशाआधी मान पाहिली, मग काखा पाहिल्या आणि सिस्टरना वजन-उंची घ्यायला सांगितलं. ताप राहिला बाजूलाच.

या काळेपणाला वैद्यकात अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. पोटात आणि यकृतात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी आणखी इन्सुलिन ओततं, आणि रक्तात वाढलेल्या त्या इन्सुलिनमुळे त्वचेच्या पेशी भराभर वाढून कातडी जाड, काळी पडते. रिपोर्टात साखर ठीक दिसत असतानाही स्वादुपिंड किती राबतंय, ते मानेवर असं दिसतं. वयात येताना इन्सुलिनचा परिणाम सगळ्याच मुलांमध्ये काही काळ मंदावतो. त्यात चरबीची भर पडली की थकलेलं स्वादुपिंड मागे पडतं. म्हणून मुलांमधला टाइप २ मधुमेह बहुधा दहाव्या वर्षानंतर डोकं वर काढतो, आणि मोठ्यांपेक्षा जास्त वेगाने बळावतो. रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारं लेकाचं एचबीएवनसी ५.९ आलं. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी, ६.५ पासून मधुमेह. सोनोग्राफीत फॅटी लिव्हरही निघालं. एवढ्याशा पोराला!

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. २०२२ साली जगात ५ ते १९ वयाची १६ कोटी मुलं स्थूल होती. १९९० मध्ये या वयाच्या शंभरातली दोन मुलं स्थूल होती, २०२२ मध्ये आठ. भारतात त्या वर्षी अशी सुमारे सव्वा कोटी मुलं होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १.९ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ४.१ टक्क्यांवर गेलं. कुपोषणाच्या बातम्या येतात त्याच राज्यात.

"पण तो काही इतका जाडा नाही," असं आमच्याकडे प्रत्येक जण म्हणाला. हे वाक्य फसवं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की आपली बाळं जन्मताना वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या २०१५च्या बीएमआय तक्त्यांत मुलांचं जास्त वजन ठरवणाऱ्या रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली ओढलेल्या आहेत. डॉक्टरांकडे गेलात की हा तक्ता मागा आणि त्यावर टिंब काढून घ्या. घरी करायचं तर मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या, मधोमध दुमडा आणि कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळत नसतील तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. सहा-सात वर्षांपुढच्या मुलांसाठी हे मापन पुरेसं बोलकं आहे.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला आधी पटली नव्हती: वजन कमी करायचं नाही, ते आहे तिथे धरून ठेवायचं. वाढत्या वयात उंची वाढते आणि तेच वजन अंगाला शोभू लागतं. उपाशी ठेवायचं नाही आणि घरात त्याचं वेगळं ताटही करायचं नाही. बदलायचं ते सगळ्या घराने.

आम्ही सुरुवात पातळ पदार्थांपासून केली, कारण खरी साखर तिथेच लपलेली होती. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या पुढे साखर, म्हणजे सहा-सात चमचे. पॅकबंद ज्यूस आणि दुधात घालायची चॉकलेटी पावडरही त्याच माळेतली. अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, असं केंद्र सरकारने २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं. आमच्याकडचा पावडरीचा डबा तोवर बंद झाला होता. क्लासला जाण्याआधी वडापावऐवजी चाट मसाला घातलेली मटकीची उसळ, कधी धिरडं. भाकरी आठवड्यातून काही दिवस, रोज नाही, कारण मग मुलं बंड करतात. जेवताना टीव्ही बंद, आणि हे मुलापेक्षा त्याच्या बाबांना जड गेलं. संध्याकाळचा एक क्लास सोडला आणि तो वेळ सोसायटीच्या आवारात क्रिकेटला दिला. हा निर्णय नातेवाइकांना सगळ्यात जास्त खटकला. मुलांना रोज तासभर घाम येईपर्यंत खेळायला हवं, आणि तो तास कुठून तरी काढावाच लागतो.

आमरस सोडला नाही. वाटी लहान केली.

पुढच्या वर्षी एचबीएवनसी ५.५ आलं. मान पूर्ण उजळली नाही, फिकटली. लग्नाकार्यात "अरे गोलू" म्हणणाऱ्यांना मात्र मी थांबवते. चिडवल्याने मूल लपून खातं, कमी खात नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. मूल अचानक खूप पाणी पिऊ लागलं, वारंवार लघवीला जाऊ लागलं, अंथरूण ओलं करू लागलं, वजन उतरू लागलं, तर मूल बारीक असो की जाड, त्याच दिवशी साखर तपासा. तो टाइप १ मधुमेह असू शकतो. त्याचा गोड खाण्याशी संबंध नसतो. त्यात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, आणि उशीर जिवावर बेतू शकतो. तिथे उसळ-भाकरीचा उपयोग नाही, इन्सुलिनचं इंजेक्शनच लागतं.