मार्ग ठरवणारा वेगळा, पॅकेट नेणारा वेगळा

1. राउटरच्या एका पेटीत दोन कामं चालतात, हे आधी मनात पक्कं करा. कंट्रोल प्लेन ओएसपीएफ, बीजीपीमधून शेजारच्या राउटरांशी बोलतो आणि मार्ग ठरवतो; हे काम सीपीयूचं. डेटा प्लेन आलेलं पॅकेट योग्य पोर्टमधून बाहेर काढतो. ते लाइन कार्डवरच्या चिपचं. 100 गिगाबिटच्या एका पोर्टवर सगळी लहानात लहान पॅकेटं आली, तर सेकंदाला जवळजवळ 14 कोटी 88 लाख होतात. एकेकाच्या वाट्याला सात नॅनोसेकंदही येत नाहीत. एवढ्या वेळात मार्गाचा विचार होत नाही, तयार तक्त्यात नुसतं बघता येतं. जुनिपरने 1998 मध्ये एम40 आणला, त्यात ही वाटणी उघड आणि स्वच्छ होती. ती रचना मला आजही देखणी वाटते.

2. ‘शो आयपी रूट’ बघून निश्चिंत होऊ नका. तिथे दिसतो तो सीपीयूचा निर्णय. चिपकडे त्याची स्वतंत्र प्रत असते, फिब. एका रात्री एका शाखेचा ट्रॅफिक गायब होत होता. रूट जागेवर, बीजीपी शेजारी अप, राउटरवरून केलेला पिंगही सुरळीत. अखेर लाइन कार्डवरची फिब उघडली, तर तिथे त्या प्रीफिक्ससमोर जुनाच नेक्स्ट हॉप बसलेला! रूट काढून पुन्हा घातला आणि ट्रॅफिक वाहू लागला. राउटरने स्वतः तयार केलेलं पॅकेट बऱ्याचदा वेगळ्या वाटेने जातं, म्हणून त्या पिंगवर भरवसा ठेवता येत नाही. राउटरच्या अलीकडून पलीकडे तपासा.

3. ट्रेसरूटमध्ये मधल्याच हॉपला 200 मिलिसेकंद आणि पुढे सगळीकडे 30 दिसले, तर घाबरायचं कारण नाही. टीटीएल संपल्याचं उत्तर बहुतेक राउटरांत सीपीयू देतो, आणि तेही हातातली कामं सांभाळून. तुमचा ट्रॅफिक त्याच्या हातून जातच नाही.

4. सीपीयूकडे येणाऱ्या पॅकेटांवर मर्यादा घाला. हे ऐच्छिक नाही.

5. चिपची स्मृती मोजकी असते. 12 ऑगस्ट 2014 ला जगाचा बीजीपी तक्ता 5 लाख 12 हजारांच्या पुढे गेला. अनेक जुन्या राउटरांची ही स्मृती, म्हणजे टीकॅम, नेमकी तेवढ्यालाच बांधलेली होती. वरचे रूट चिपमध्ये मावेनात, त्यांचा भार सीपीयूवर पडला आणि ठिकठिकाणी इंटरनेट रखडलं. नवा फुल टेबल घेण्याआधी सीपीयूची रॅम बघतात सगळे. बघायची असते ती टीकॅम.

6. सीपीयू रीस्टार्ट झाला तरी चिप जुन्या तक्त्यावर पॅकेटं नेत राहू शकते. ग्रेसफुल रीस्टार्ट तो यासाठीच. पण त्या अवधीत पुढची लिंक तुटली, तर चिप ट्रॅफिक डोळे झाकून खड्ड्यात टाकते. शिवाय यात शेजाऱ्याचीही साथ लागते, म्हणून देखभालीला हात घालण्याआधी पलीकडच्या राउटरवर हेल्पर मोड चालू आहे का, हे तिथे लॉगिन करूनच बघा.