ओ पेअर म्हणून जर्मनीला जायचंय? कर्जाआधी कागद वाचूया



गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते आले, आणि कर्जमागणीच्या वेळी एका ताईंनी हात वर केला. "पोरीला जर्मनीला जायचंय, दोन लाख पाहिजेत." त्या गटाने आजवर दिलेलं सगळ्यात मोठं कर्ज पन्नास हजारांचं, तेही शेळ्यांसाठी. सगळ्या गप्प. मग मागून कुणीतरी विचारलं, "तिथं जाऊन करणार काय ती?" ताई म्हणाल्या, "ओ पेअर." अध्यक्षताईंनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मलाही धड माहीत नव्हतं. मी बोलून गेले, "म्हणजे घरकामच की." मुलगी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "ताई, तसं नाहीये ते."

तिचं बरोबर होतं. पुढचे पंधरा दिवस आम्ही दोघींनी बसून माहिती काढली. ती सगळ्यांच्या उपयोगाची आहे, म्हणून या अंकाचा पाठ त्यावरच.

ओ पेअर म्हणजे काय

शब्द फ्रेंच आहे. अर्थ साधारण 'बरोबरीच्या नात्याने'. तरुण मुलगी किंवा मुलगा परक्या देशातल्या कुटुंबात राहतो, त्यांची मुलं सांभाळायला हातभार लावतो, आणि बदल्यात राहणं, जेवण, थोडा हातखर्च आणि भाषा शिकायची संधी मिळते. म्हणजे ती मोलकरीण नाही, आणि पगारी नोकरदारही नाही. ही दुसरी गोष्ट नीट लक्षात ठेवा, हिशेबात ती पुन्हा येणार आहे.

जर्मनीचे नियम असे. व्हिसाचा अर्ज करताना मुलीचं वय १८ पूर्ण आणि २७ च्या आत हवं. जर्मन भाषा ए१ पातळीपर्यंत यायला हवी, ही पहिली पायरी. काम दिवसाला जास्तीत जास्त ६ तास आणि आठवड्याला ३० तास. मुलांना उठवणं, नाश्ता देणं, शाळेत सोडणं, त्यांच्याशी खेळणं आणि घरातली हलकी कामं एवढंच त्यात येतं. अख्ख्या घराची साफसफाई किंवा आजारी माणसाची सेवा यात बसत नाही. आठवड्याला दीड दिवस सुट्टी, आणि वर्षभर राहिली तर चार आठवड्यांची भरपगारी रजा (भरपगारी म्हणजे हातखर्च चालू ठेवून). स्वतःची वेगळी खोली. विमा कुटुंबाने काढायचा. हातखर्च महिन्याला २८० युरो आणि भाषेच्या वर्गासाठी महिन्याला ७० युरो मदत. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, आणि आयुष्यात एकदाच.

एजंटचा कागद

ताईंच्या मोबाइलवर एका एजंटने कागद पाठवला होता. तो कोण, कुठला, हे इथे लिहीत नाही. पण कागदावर काय होतं ते सांगते, कारण असा कागद उद्या तुमच्याही मोबाइलवर येऊ शकतो.

त्यात लिहिलं होतं, 'मासिक पगार ८० हजार'. ओ पेअरला पगारच नसतो. २८० युरो म्हणजे, हिशेब सोपा व्हावा म्हणून युरो १०० रुपये धरला, तर २८ हजार. मग ८० हजार कुठून आले? एक तर आकडा खोटा, नाही तर काम वेगळं. पुढच्याच ओळीत उत्तर होतं. 'दोन मुलं व आजी यांची देखभाल, पूर्ण वेळ.' अंथरुणाला खिळलेल्या आजींना बघायचं हे ओ पेअरचं काम नाही, आणि पूर्ण वेळ तर नाहीच नाही.

तिसरी ओळ वाचून ताई सगळ्यात जास्त खुश झाल्या होत्या. 'कुटुंब मराठी आहे, मुलीला घरच्यासारखं वाटेल.' आईचा जीव, तिला हेच बरं वाटणार. मलाही बरं वाटलं होतं. पण जर्मनीचा नियम याच्या उलट आहे. घरात जर्मन बोललं गेलं पाहिजे, कारण मुलगी भाषा शिकायला जाते. घरातल्यांची मातृभाषा जर्मन नसेल आणि ते मुलीच्याच देशातून आलेले असतील, तर तिला तिथे ओ पेअर म्हणून जाता येत नाही. नातेवाईकांकडेही नाही. म्हणजे 'मराठी घर' हे आमिष होतं.

आणि शेवटी बारीक अक्षरात, 'व्हिजिट व्हिसा, नंतर बदलून मिळेल.' व्हिजिट व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि काम करता येत नाही. ओ पेअरचा व्हिसा निघण्याआधी इथूनच काढावा लागतो. व्हिजिट व्हिसावर कामाला लागलेली मुलगी त्या देशाच्या कायद्याने बेकायदा ठरते. मग तिला बारा तास राबवलं तरी ती पोलिसांकडे जायला घाबरते. सगळी मेख या एका ओळीत आहे. म्हणून कागद हातात आला की आधी व्हिसा कुठला ते शोधा, पगार नंतर.

दोन लाखांचा हिशेब

आता गटाच्या बाजूने बघूया. समजा, दोन लाख दिले, दरमहा एक टक्का व्याजाने, बारा हप्त्यांत. पहिला हप्ता मुद्दल १६,६६७ आणि व्याज २,०००, म्हणजे १८,६६७ रुपये. मुलीच्या हातात येणार २८ हजार. उरले ९,३३३. त्यात मोबाइल, बस, थंडीचे कपडे, भाषेच्या वर्गाची ७० युरोच्या वरची फी. जेवण-राहणं फुकट असलं तरी हे भागत नाही. हप्ता थकणार, आणि थकला की आई बैठकीला यायची बंद होणार. हे आपण पाहिलेलं आहे.

मग खर्च खरा किती? पासपोर्ट १,५०० रुपये. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची फी ७५ युरो, वर अर्ज केंद्राची थोडी फी. भाषेचा वर्ग आणि परीक्षा. विमानाचं तिकीट, ते सहसा मुलीलाच काढावं लागतं. जर्मनीतल्या मध्यस्थ संस्थेला मुलीकडून जास्तीत जास्त १५० युरो घेता येतात, तसा तिथला कायदा आहे. आम्ही एजंटला फोन करून एवढंच विचारलं, दोन लाख कशाकशाचे ते लिहून द्या. त्याने 'पॅकेज आहे मॅडम' म्हणून फोन ठेवला. दुसऱ्यांदा उचललाच नाही.

तयारी

पहिलं काम भाषेचं. ए१ ची परीक्षा पुण्याच्या आणि मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात होते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, १०० पैकी ६० गुण हवेत. वर्ग तिथेच लावला पाहिजे असं नाही, घरी अभ्यास करूनही परीक्षा देता येते. माझं जर्मन 'गुटेन टाग'च्या पुढे जात नाही, पण ही पोरगी भाकरी थापता थापता आकडे पाठ करते.

पासपोर्टचा अर्ज करताना दहावीचं प्रमाणपत्र जरूर जोडा. आधार, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का बघा. आपल्याकडे निम्म्या मुलींचं घोडं इथेच अडतं. मूळ कागद आणि पासपोर्ट एजंटकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. परदेशात गेल्यावर घरमालकालाही नाही.

कुटुंबाशी व्हिडिओवर दोन-तीनदा बोला. आईने शेजारी बसावं. भाषा कळली नाही तरी घर दिसतं, माणसं दिसतात. करार लेखी हवा, आणि त्यात तास, सुट्टी, हातखर्च, विमा या गोष्टी आकड्यांत हव्यात. कुटुंबाशी पटलं नाही तर कुणाला फोन करायचा तेही आधीच विचारून ठेवा. तिथला तातडीचा नंबर आपल्यासारखाच ११२ आहे.

आखाताचं वेगळं

काही ताई दुबई-कुवेतला घरकामाला जायचं विचारतात. ते ओ पेअर नाही, ते पगारी काम, आणि त्याचे नियम वेगळे. दहावी न झालेल्या बाईच्या पासपोर्टवर अशा देशांत कामाला जायला सरकारची परवानगी लागते, आणि घरकामासाठी वय किमान ३० हवं. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा, आणि त्याला ३० हजार रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. नोंद ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर बघता येते. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट नंबर १८०० ११ ३०९०. त्यावर पुढच्या अंकात सविस्तर लिहीन.

गटाने काय ठरवलं

दुसऱ्या बैठकीत मुलीने स्वतः उभं राहून हे सगळं सांगितलं. आईला जरा वाईट वाटलं, ८० हजारांचा आकडा डोक्यात बसला होता ना. एक आजी म्हणाल्या, "वर्षभर लोकांची पोरं सांभाळून हातात काय उरणार मग?" मुलगी म्हणाली, "पैसे नाही आजी, भाषा उरेल. भाषा आली की तिथं नर्सिंग शिकायला अर्ज करता येतो." तिचं वय २२, अर्ज करायला अजून चार-पाच वर्षं हातात आहेत.

गटाने दोन लाखांचा अर्ज बाजूला ठेवला आणि भाषेचा वर्ग व परीक्षेसाठी २० हजार मंजूर केले. हप्ता आई शिवणकामातून भरणार. तिकिटाच्या कर्जाचा विचार ए१ पास झाल्यावर आणि कुटुंबाचा करार हातात आल्यावर. तो करार आला की आधी मराठीत करून बैठकीत मोठ्याने वाचायचा, असं सचिवताईंनी ठरावाच्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत.