मेंदूबाहेर राहणारी वेदनाशामके

पायात काटा रुतला, तर इजा पायास होते; वेदनेची जाणीव मात्र मेंदूत होते. काट्याची वर्दी मज्जातंतू पृष्ठरज्जूमार्गे मेंदूकडे पोचवितात. ही वर्दी पायापाशीच थोपविता आली, तर औषधाने मेंदूत शिरण्याचे कारण उरणार नाही.

अफूपासून मिळणारे मॉर्फीन हे प्रभावी वेदनाशामक होय. पेशींवरील ‘ग्राही’ नावाच्या प्रथिनांत ते कुलपात किल्ली बसावी तसे बसते. असे ग्राही मेंदूत आहेत, तसेच हातापायांच्या मज्जातंतूंत व आतड्यांतही आहेत. मेंदूतील क्रियेमुळे वेदना शमते खरी. परंतु गुंगी येते, व्यसन जडू शकते, आणि मात्रा फार झाल्यास श्वसन मंदावून मृत्यूही ओढवतो.

येथे मेंदूतील केशवाहिन्यांची रचना उपयोगी पडते. त्यांच्या भिंतींतील पेशी परस्परांस इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की रक्तातील बहुतेक द्रव्यांस आत जाता येत नाही. लहान व मेदात विरघळणारे रेणू पेशींतून पार होऊ शकतात. पण त्यांपैकी कित्येकांस पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन पंपाप्रमाणे पुन्हा रक्तात लोटते. म्हणून रेणूस विद्युत्भार दिला, किंवा तो या पंपाच्या पकडीत येईल असा घडविला, तर तो मेंदूबाहेर राहू शकतो.

बेल्जियममध्ये १९६९ साली तयार झालेले जुलाबावरील औषध लोपेरामाइड हे याचे उत्तम उदाहरण होय. ते मॉर्फीनच्याच ग्राहींवर क्रिया करते. तथापि योग्य मात्रेत आतड्यांची हालचाल तेवढी मंदावते, गुंगी येत नाही. ज्या उंदरांत हा पंप नव्हता, त्यांना तेच औषध दिले असता मात्र मॉर्फीनसारखी लक्षणे दिसून आली. मात्रेचे बंधन येथेही आहेच. अतिरेक झाल्यास हृदयास धोका पोचतो.

मग लोपेरामाइड अंगदुखीवर का देत नाहीत? कारण तोंडावाटे घेतल्यास त्याचा फारच थोडा अंश रक्तात पोचतो. मेंदूबाहेर राहणे पुरेसे नाही. औषधाने दुखऱ्या जागी पोचलेही पाहिजे. २०१७ साली बर्लिन येथील संशोधकांनी फेंटानिल या औषधाच्या रेणूत फेरफार करून निराळा उपाय सुचविला. सुजलेल्या जागी आम्लता वाढते. हा नवा रेणू अशा आम्लतेतच ग्राहीस चिकटतो. उंदरांवरील प्रयोगांत वेदना शमली, आणि श्वसन मंदावले नाही.

जी वेदना मेंदूतील वा पृष्ठरज्जूतील इजेमुळेच उद्भवते, तिच्यावर हा मार्ग चालणार नाही. परंतु जखम, सूज व शस्त्रक्रिया यांनी पीडलेल्या रोग्यांस श्वासाची जोखीम न पत्करता आराम मिळावा, हे या संशोधनाचे ध्येय आहे.